चूलबंद आवतन

यात मी कुणाचंच नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या गावात पाच बायांची नावं लिहिली की सहावी रुसते, आणि तिची समजूत काढायला दोन दिवस तिच्या ओट्यावर बसावं लागतं. माझ्या गुडघ्यांना आता इतकं बसणं झेपत नाही. तेव्हा सून म्हणजे सून, मोठ्याबाई म्हणजे मोठ्याबाई, आणि गाव म्हणजे हसनाबादहून जीपनं थोडं आत आलं की लागतं ते. एवढ्यावर ज्याला ओळखायचं त्यानं ओळखावं.

गोष्ट आहे खोलीची. आमच्या गल्लीत विहाराला लागून पत्र्याची एक खोली आहे. दोन खिडक्या, एक फळा, आणि भिंतीला टेकून पुस्तकांनी भरलेलं लोखंडी कपाट. कपाट आणि पुस्तकं जालन्याच्या एका संस्थेनं दिलेली. शिकवायला मात्र कुणी दिलं नव्हतं. ते बरंच झालं म्हणा, शिकवणारी असती तर मला लाज वाटली असती. पंचावन्न वर्षांची बाई 'क' गिरवताना कुणी बघायला नको. मी आपली दुपारी एकटी जाऊन बसायचे. पोरांच्या चित्रांच्या पुस्तकातलं एक अक्षर डोळ्यांत भरून घरी आणायचं, आणि सरकीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवर ते कुठं कुठं आहे ते शोधायचं. सापडलं की एकटीच हसायचे. सुनेला वाटलं म्हातारीला काहीतरी झालं. तिनं माझ्या उशाखाली पिशव्या बघितल्या तेव्हा तर तिची खात्रीच पटली.

त्याआधी माझी सही म्हणजे अंगठा. रेशनला अंगठा, बँकेत अंगठा. ज्या दिवशी पहिल्यांदा नाव लिहिलं त्या दिवशी घरी येऊन अंगठ्याला साबण लावून खसाखसा धुतला. शाई लागलेली नव्हती तरी धुतला.

तर अशी ती खोली. आणि एक दिवस संस्थेच्या मॅडमचा फोन आला. आवाज गोड, पण बोलणं कडू. म्हणाल्या, "मावशी, वहीवर तीच ती सहा नावं दिसतात. तुमचं आणि त्या अभ्यासाला बसणाऱ्या पाच मुलींचं. दुसऱ्या एका गावानं कपाट मागितलंय. मी महिनाअखेरीला रविवारी येते. गावाचा लोकसहभाग दिसला तर ठीक, नाहीतर आम्हाला ते हलवावं लागेल."

लोकसहभाग! मी सुनेला विचारलं, "हा कोण? कोणत्या गल्लीतला?" सून म्हणाली, "आत्या, म्हणजे लोकं आली पाहिजेत." हो, एवढंच ना, मग एवढा जड शब्द कशाला? पण हसून भागणार नव्हतं. अडखळत का होईना, आता मी पुस्तकं वाचत होते, आणि माझं एक जाडजूड पुस्तक निम्म्यावर आलं होतं. ते कपाटासोबत टेम्पोत बसून दुसऱ्या गावाला गेलं तर पुढं काय झालं ते मला कोण सांगणार? आणि घरी वाचायचं म्हटलं तर टीव्ही, मिक्सर, नातवंडं. माणसाला एक खोली लागते वाचायला. मला ती म्हातारपणी मिळाली होती, आणि आता जाऊन राह्यली होती.

सून पदवीपर्यंत शिकलेली. तिनं पटकन फोनवर गावाचा ग्रुप केला. सगळ्या घरांचे नंबर घातले, पुण्याला कामाला गेलेल्यांचे सुद्धा. छान निरोप लिहिला. खोली वाचवायची आहे, येत्या रविवारी पहिली बैठक, सर्वांनी यावे. खाली दोन फुलं आणि जोडलेले हात. आणि काय सांगू तुम्हाला, अंगठेच अंगठे! टुंग टुंग टुंग. फोन नुसता नाचत होता. वर केलेले अंगठे, पिवळे अंगठे, एकानं तर पाच पाठवले. मी हरखून गेले. रात्री अंथरुणावर पडून मोजले. नंतर मनात आलं, मी जन्मभर अंगठा पुसायच्या मागं लागले, आणि हे शिकलं-सवरलेलं गाव अंगठा देऊन राह्यलं.

रविवारी बैठकीला आम्ही आठ जणी. म्हणजे मी, सून, त्या पाच मुली, आणि एक शेळी. शेळी बसली मात्र शेवटपर्यंत.

संध्याकाळी मी शेजारणीला गाठलं. "काय वं, आली न्हाईस?"

"कुठं?"

"बैठकीला. फोनवर निरोप आल्ता की. तू अंगठा दिल्तास."

"अंगठा म्हणजे वाचलं म्हणून दिला. येते म्हणून थोडाच? दारात आवतन द्याया आल्तं का कुणी? बिनआवतनाची जायला मी काय शेळी हाये?"

म्हणजे शेळीची बातमी गावभर झालेली होती.

पण तिचं बरोबर होतं. आमच्याकडं कार्य कसलंही असो, दारात माणूस उभा राहून "या" म्हणेपर्यंत ते बोलावणं होत नाही. आणि त्यातही दोन प्रकार. एक 'घरटी', म्हणजे एका घरातनं एक माणूस. दुसरं 'चूलबंद'. चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी आमच्याकडं जेवायचं. चूलबंद कुणी उगाच देत नाही. सख्ख्या भावकीला देतात, लग्नाला देतात, आणि देणारा आधी पिठाचा डबा उघडून बघतो.

आम्ही ठरवलं, घरटी एक माणूस. चहा आणि चिवडा. आमची गल्ली एका सकाळी झाली. दुसऱ्या सकाळी पाराकडच्या गल्लीला निघालो, मी पुढं, सून मागं. पहिलंच घर मोठ्याबाईंचं.

मोठ्याबाईंबद्दल सांगायला पाहिजे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. घरची शेती भरपूर. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या सरकीत, म्हणजे कापसाच्या रानात, निंदणीला जात होते, आणि त्या बांधावर उभ्या राहून माझ्या चुका काढत होत्या. जीभ अशी की तिखटानं पाणी मागावं. पण दुपारी झाडाखाली सगळ्याजणी भाकरी सोडायच्या तेव्हा त्याही येऊन बसायच्या, गप्पा मारायच्या, थोड्या अंतरावर. ते अंतर आम्ही दोघींनी कधी मोजलं नाही आणि कधी ओलांडलंही नाही. त्यांच्या घरच्या लग्नांना मला घरटी आवतन असायचं. माझ्या पोराच्या लग्नाला त्यांनी आहेर पाठवला होता, माणूस नाही.

त्या ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी म्हटलं, "बाई, रविवारी आमच्याकडं या. खोलीवर."

"काय हाय?"

"पुस्तकाची खोली उचलून न्यायला लागलेत. गाव दिसलं पाहिजे."

त्यांनी एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला आणि विचारलं, "आवतन कसं हाय? घरटी का चूलबंद?"

आणि वर हसल्या. ते हसू मला ओळखीचं होतं. बांधावरचं होतं. 'तुझ्याच्यानं होतंय का' असं हसू.

आता मी काय करावं? तोंडातनं निघून गेलं. "चूलबंद!"

मागनं सुनेनं माझ्या कमरेला असा चिमटा काढला की मी टाचा उचलल्या. पण शब्द गेला तो गेला. मोठ्याबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाल्या, "बराबर बोलली का तू?"

"बराबर बोलली. चौदाच्या चौदा जणं या."

पुढच्या घरी जाईस्तोवर भिंतीपलीकडून सगळं ऐकून झालं होतं. ती बाई दारातच कमरेवर हात ठेवून उभी. "त्यान्ला चूलबंद आन् आम्हाला?" मग काय, तिलाही चूलबंद. तिसरीला चूलबंद. एकीला घरटी म्हटलं असतं तर सात पिढ्यांचं वैर. गल्ली संपली तेव्हा सून रडकुंडीला आली होती, आणि मला, खरं सांगते, उडावंसं वाटत होतं. आयुष्यात मी कुणाला चूलबंद दिलं नव्हतं, आणि एका सकाळी अख्ख्या गल्लीला देऊन मोकळी झाले! घरी आले तर आमच्याच गल्लीच्या बाया रस्त्यात आडव्या. "तिकडल्याला चूलबंद, आन् घरच्यांना चिवडा?" म्हणजे आमची गल्लीही चूलबंद.

"आत्या," सून म्हणाली, "सगळं गाव जेवायला बोलावलंत तुम्ही."

"येतंय कोण?" मी म्हटलं. "मागच्या बारी शेळी आल्ती."

हे मी मनापासून म्हणत होते. पाराकडच्या गल्लीतनं आमच्या गल्लीत कुणी चूल बंद करून जेवायला आलं होतं का कधी? घराघरातनं एखादं माणूस येईल, चहा पिईल, जाईल. म्हणून मी चिवडा थोडा वाढवला, दोन पायल्या ज्वारी दळून आणली, आणि निवांत झोपले. ही माझी अक्कल.

रविवारी मॅडम सकाळीच आल्या. पाठीला पिशवी, हातात वही. मी त्यांना चहा दिला, कपाट पुसून दाखवलं. अकराच्या सुमाराला सून पळत आली. श्वास लागलेला.

"आत्या, गावात धूर न्हाई."

"काय?"

"कुणाच्याच घरावर धूर न्हाई!"

गॅस आता सगळ्यांकडं आहे, पण भाकरी अजून चुलीवरच होते, आणि अकराला पत्र्यांवर धूर दिसतोच. मी बाहेर येऊन बघितलं. आभाळ लख्ख. आणि त्या लख्ख आभाळाखाली पाराच्या बाजूनं माणसं येऊन राह्यली. म्हाताऱ्या, पोरंटोरं, कडेवरची, काठीवाली, हातात ताट-तांब्या घेतलेली. सगळी आंघोळ करून, सगळी उपाशी.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, हे सगळे बैठकीला?" मी म्हटलं, "हो." घरात पातेलंभर चिवडा आणि तेवढं दोन पायल्यांचं पीठ.

तेव्हा मी जे केलं त्याचं आजही हसू येतं. सुनेच्या हातातनं फोन घेतला. तोवर ग्रुपवर मी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. सून फुलं टाकून लिहायची. माझ्याजवळ फुलाला वेळ नव्हता. चिवड्याच्या पातेल्याचा फोटो काढला आणि खाली एकेक अक्षर टोचत लिहिलं, "गाव आलं. एवढंच हाय. पीठ आणा."

आणि ऐका. एकही अंगठा आला नाही! आलं ते असं. "मी तुरीची डाळ आणते." "आमच्याकडं वांगी हायेत, तोडून आणू का?" "येसर कुणाकडं हाय?" "माझ्याकडं डबाभर." "मोठं पातेलं विहारातलं घ्या, किल्ली माझ्याजवळ." येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. त्याची आमटी आमच्याकडं लग्नात होते, आणि तिचा मोठा गुण असा की माणसं वाढली की पाणी वाढवता येतं. पुण्याहून एक पोरगा लिहितो, "आम्हाला आवतन का नाही? आमची चूल कुणी बंद करायची?" त्याला सुनेनं चेहरा दिसणारा फोन लावून सगळं गाव दाखवलं. मग त्याच्या खोलीतली चौघं फोन मध्ये ठेवून डब्याचं जेवण घेऊन आमच्यासोबत बसली. म्हणे आम्ही बी पंगतीला.

अंगणात पाच चुली मांडल्या. पीठ मळायला हात कमी पडले तेव्हा कुणीतरी मॅडमलाच परातीपुढं बसवलं. त्यांनी एक भाकरी थापली. शेजारीण ती उचलून म्हणाली, "मॅडम, ही तव्यावर टाकू का भिंतीला लावून वाळवू?" मॅडम इतक्या हसल्या की चष्मा पिठात पडला. इकडं भाकरी होईस्तोवर माणसांनी करायचं काय? कपाट उघडंच होतं. एकानं शेळीपालनाचं पुस्तक काढलं, मोठ्यानं वाचायला लागला, आणि त्याच्याभोवती दहा जण जमून त्या पुस्तकाशीच भांडायला लागले. "ह्यानं कधी शेळी बघितली का?" पोरींनी लहान पोरांना चित्रं दाखवत गप्प बसवलं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या खोलीत एवढा गोंगाट मी कधी ऐकला नव्हता, आणि वाचनाच्या खोलीत गोंगाट चालत नाही हे मला ठाऊक असूनही मी कुणाला गप्प केलं नाही.

पण माझा डोळा रस्त्यावर होता. सगळी गल्ली आली होती, मोठ्याबाई नव्हत्या. मी मनात म्हटलं, ठीक आहे. एवढं आलं तेच खूप. आणि तरी दर दोन मिनिटांनी बघत होते.

त्या शेवटी आल्या. पुढं त्या, मागं लेकं, सुना, नातवंडं, चौदाच्या चौदा. मोठ्या सुनेच्या डोक्यावर भाकरीची नाही, पिठाची पाटी. मोठ्याबाई माझ्यापुढं येऊन म्हणाल्या, "चूल खरंच बंद करून आले. राखसुद्धा थंड हाय. आता वाढती का बघत बसती?"

मी म्हटलं, "बाई, आमटी अजून उकळायची हाय."

"मंग मला काय सांगती? सरक." आणि पदर खोचून त्या आमच्या चुलीपुढं बसल्या. पळी घेतली, चव घेतली, आणि बांधावरच्याच आवाजात म्हणाल्या, "पाणी कमी हाय. मीठ न्हाईच. कोणी केली?" मी केली होती. मी इकडं-तिकडं बघितलं.

पंगत बसली तेव्हा त्यांनी मला ओढून शेजारी बसवलं. गुडघ्याला गुडघा लागत होता. आपल्या ताटातली भाकरी त्यांनी मोडली आणि अर्धी माझ्याकडं सरकवली. मी ती मुकाट्यानं खाल्ली. मी बोलत नाही असं फार क्वचित होतं, सून अजून ती गोष्ट लोकांना सांगते.

जेवणं झाल्यावर मॅडमनी वही काढली. "आलेल्यांनी सह्या करा." लोकांची रांग लागली. मॅडम पानं उलटत होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर पीठ होतं आणि हसू होतं, आणि त्यांनी न सांगताच मला कळलं की कपाट आता हलत नाही. माझ्या पुस्तकाचं पुढचं निम्मं माझंच राहिलं.

मोठ्याबाईंची पाळी आली. मॅडमनी सवयीनं शाईचा पॅड पुढं केला. त्यांनी अंगठा उचलला. आणि तो तसाच हवेत धरून माझ्याकडं वळल्या.

"काय वं, तू काय करती इथं?"

"सही."

"लिहून?"

"लिहून."

"कुणी शिकवलं?"

"बियाण्याच्या पिशव्यांनी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं. चूक सापडते का बघत असाव्यात. मग त्यांनी अंगठा मुठीत मिटला आणि मॅडमना म्हणाल्या, "माझी जागा मोकळी ठेवा. ह्या बाईनं चूलबंद दिलंय. पोटाला दिलं, पुढचं बी देईल."

मॅडमनी एक ओळ सोडली आणि खालून पुढची सही घेतली.

आता दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी गावात धूर नसतो. कुणी एकटं रांधत नाही, जो तो घरचं पीठ-डाळ आणतो. आवतन मात्र दारात जाऊन द्यावं लागतं, दरवेळी वेगळ्या दोघींना. फोनवर सून आता फुलं टाकत नाही, 'मीठ लागतंय' एवढंच लिहिते. पुण्याची पोरं फोनवरून लहान पोरांना गोष्ट वाचून दाखवतात आणि भाकरी दिसली की वाचता वाचता अडखळतात.

आणि मोठ्याबाई दुपारी येतात. पाटी पुढं घेऊन बसतात. मी उभी राहते आणि त्यांच्या चुका काढते. मला फार मजा येते, खोटं कशाला बोलू! परवा त्यांनी वही मागवून घेतली, ती मोकळी ओळ शोधली आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. काना थोडा वाकडा झाला. मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "गप. एवढंच आज. राहिलेलं पुढच्या रविवारी. आमटीत तेव्हा तरी मीठ घाल."